समासातला शेरा

एकतीस वर्षं मी सरकारचा पगार घेऊन लोकांचं बोलणं चोरून ऐकलं. हे आता उघडपणे लिहायला हरकत नाही, कारण ते न्यायालयाच्या कागदावर आलेलं आहे. त्याआधी शेजारी, माहेर, सासर, सगळीकडे मी एकच सांगत असे: नोंदणी खात्यात आहे, जन्म-मृत्यूचे दाखले देते. नवराही तेच धरून चालला, निदान तसं दाखवत तरी आला.

आमचा कक्ष चौथ्या मजल्यावर होता. बारा टेबलं, बारा हेडफोन, आणि खिडक्यांना आतून चिकटवलेला पांढरा कागद. ज्यांचे फोन संशयावरून जोडलेले असत त्यांचं रेकॉर्डिंग आमच्याकडे येई. ते ऐकायचं, शब्दाला शब्द उतरवायचं आणि संध्याकाळी पावणेसहाच्या आत वर पाठवायचं, एवढं आमचं काम. पानाच्या डाव्या बाजूला चार बोटं रुंद समास सोडलेला असे. त्यात ऐकणाऱ्यानं शेरा लिहायचा: मागे काय ऐकू येतं, बोलणारा रागात आहे की थट्टेत, अमुक शब्दाचा त्या घरात अर्थ काय. माझ्या मते सगळ्या पानात मोलाचा भाग तोच. घरात आई पोराला "जीव घेशील माझा" म्हणते, ते नुसतं कागदावर उतरवलं तर पोराला पकडायला गाडी पाठवावी लागेल.

कक्षात मला 'तिखट' म्हणत. स्वभावावरून नव्हे, कानांवरून. बोलणारा उभा आहे की बसलेला, खोलीत दुसरं कुणी आहे का, हे मी पहिल्या मिनिटात सांगत असे. नवीन लोक पैज लावत आणि हरत. स्वतःची टिमकी वाजवायची म्हणून सांगत नाही. पुढे जे घडलं ते ह्या कानांवर विश्वास होता म्हणून घडलं.

त्या वर्षी माझ्याकडे एका छापखान्यात काम करणाऱ्या माणसाचा फोन होता. बंदरावरच्या कामगारांचा संप चालू होता आणि त्यांची पत्रकं हा छापतो, एवढाच त्याच्यावर संशय. तीन महिने मी त्याला ऐकत होते. त्याच्या फोनवर पत्रकांपेक्षा बहिणीचं बोलणं जास्त. बहीण त्याला दादा म्हणे. बहिणीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. बाजाराच्या गल्लीत त्याचं दुकान होतं आणि शहरातली मोठाली घड्याळंही तोच बघायचा. मेहुण्या-मेहुण्यांचं चांगलं जमायचं.

एका मंगळवारी दुपारी चार वाजता घड्याळजीनं मेहुण्याला फोन केला. माझ्या कागदावर त्याचं बोलणं असं उतरलं:

"उद्या अकराच्या आत मोठ्याचा काटा काढायचा. माझ्या एकट्याच्यानं होणार नाही, तू वर दोरी धरून उभा राहा. खाली पोलीस असतील, त्यांना मी सांभाळतो. धाकट्याला हात लावायचा नाही, त्याचं नंतर बघू."

मेहुणा म्हणाला, "आणि अकराला मंत्री येतायत ना चौकात?"

"म्हणून तर अकराच्या आत."

हे वाचून कुणाच्याही अंगावर काटा येईल, ते मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता नगरपालिकेसमोरच्या चौकात एका मंत्र्यांच्या हस्ते नव्या बाजाराची पायाभरणी होती. पण मी त्या घड्याळजीला तीन महिने ऐकत होते. 'मोठं' म्हणजे नगरपालिकेच्या मनोऱ्यावरचं घड्याळ, 'धाकटं' म्हणजे टपाल कचेरीवरचं. मोठ्याचा काटा वाकला होता, अर्ध्या तासाशी अडायचा. पाहुण्यांच्या देखत घड्याळ अडलेलं नको, म्हणून नगरपालिकेनंच त्याच्यामागे घाई लावली होती. आठवडाभर हेच बोलणं चाललं होतं.

मी समासात लिहिलं: 'बोलणारा घड्याळजी. मोठं म्हणजे मनोऱ्यावरचं घड्याळ, काटा घड्याळाचा. मागे दुकानातली घड्याळं ऐकू येतात. धोका नाही.' पाच चाळीसला पान जमा केलं आणि घरी गेले.

बुधवारचं रेकॉर्डिंग मी दुपारी लावलं. सकाळी दहा वाजता बहिणीचा फोन होता.

"दादा, हे तुझ्याकडे आलेत का? दुकानाचं शटर अर्धंच वर आहे. किल्ली कुलपात तशीच. शेजारचा म्हणतो, गाडी आली होती, नंबर नसलेली."

मी हेडफोन काढला, पुन्हा घातला आणि तो तुकडा पुन्हा ऐकला. पुन्हा ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतं. सगळं स्पष्ट होतं.

चौकातला कार्यक्रम नीट पार पडला. मंत्री आले, बोलले, गेले. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर 'विशेष गट' बसे. त्यांच्या कामाला जावक क्रमांक नसे, त्यांच्या गाड्यांना नंबर नसे आणि त्यांनी आणलेल्या माणसांची कुठे नोंद नसे. छापखान्यातल्या मेहुण्याला त्यांनी मोकळं ठेवलं, त्याच्या फोनवर आणखी कोण सापडतं ते बघायला. त्या दिवशी विशेष गटाला शाबासकीचं पत्र आलं. कट उधळला म्हणून. काही घडलं नाही, हाच त्यांचा पुरावा.

शुक्रवारी फाइल आमच्या कक्षात जोडणीसाठी परत आली, तेव्हा मी माझं पान काढून बघितलं. पान नव्यानं टाइप केलेलं होतं आणि समास कोरा होता. त्यावर गोषवारा होता, चार ओळींचा. 'मोठ्याचा काटा काढणे', 'पोलिसांना सांभाळणे', 'अकराच्या आत' हे तीन तुकडे ठळक केलेले. खाली छापील मजकूर: 'मूळ ध्वनिमुद्रण स्वतः ऐकून खात्री केली.' त्याखाली पाच सह्या. पहिली आमच्या कक्षप्रमुखाची, शेवटची विशेष गटाच्या प्रमुखाची.

आमचा कक्षप्रमुख माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान. कपडे असे कडक की सगळे त्याला माघारी 'इस्त्री' म्हणत. माणूस वाईट नव्हता. माझ्या आजारपणात रजा मंजूर करायला त्यानं कधी खळखळ केली नाही. मी त्याच्या टेबलासमोर उभी राहिले.

"साहेब, माझा शेरा कुठे गेला?"

"ताई, बसा ना."

"बसते. शेरा कुठे गेला?"

"गोषवाऱ्याचा नमुना ठरलेला आहे. त्यात शेऱ्याला रकाना नाही."

"मग त्या माणसाला कुठल्या रकान्यात बसवलंत?"

त्यानं दाराकडे बघितलं. "कुठला माणूस? आपल्याकडे कुणीही नाही."

"तो घड्याळजी आहे, साहेब. मनोऱ्यावरचं घड्याळ दुरुस्त करायला निघाला होता. नगरपालिकेला एक फोन केलात तर कळेल."

"ताई, आता फोन केला तर पत्राचं काय करायचं? शाबासकी आली आहे वरून." मग आवाज उतरवून म्हणाला, "चौकशी करतील आणि सोडतील. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तिथे मला सगळं प्रकरण समजलं. त्या माणसाला सोडायचं तर चूक झाली असं म्हणावं लागणार होतं, आणि ते म्हणायला कुणीच तयार नव्हतं. तो निर्दोष आहे म्हणूनच त्याचं सुटणं अवघड झालं होतं.

पुढचे दिवस मी रोज त्या बाईला ऐकत होते. ती कोणत्या दवाखान्यात गेली, कोणत्या चौकीवर तिला बाकावर बसवून ठेवलं, मुलीला शाळेत काय सांगितलं. चौकीवरच्या हवालदारानं तिला विचारलं होतं, घरात भांडण झालं होतं का? त्या सबंध शहरात तिचा नवरा कुठे आहे हे माहीत असलेली आणि तिचं बोलणंही ऐकणारी मी एकटी होते. माझ्या टेबलावरून तिचा नंबर मला दिसत होता. समासात मी रोज लिहीत होते: 'ही बाई ज्याला शोधते आहे तो आपल्याकडे आहे.' दोनदा इस्त्रीनं मला बोलावून ते खोडायला लावलं. तिसऱ्यांदा त्यानं बोलावलं नाही, स्वतःच खोडलं.

सहाव्या दिवशी मी विधी अधिकाऱ्याकडे गेले. पेन्शनीला टेकलेला माणूस, टेबलावर कायद्याची पुस्तकं आणि त्यांच्यावर डब्याचं फडकं. माझं ऐकून घेतलं, उठला, कपाटातून एक पातळ पुस्तिका काढली आणि एका कलमावर बोट ठेवलं. खात्यातल्या कुणाही कर्मचाऱ्याला देखरेख समितीकडे बंद पाकिटात थेट लिहिता येईल, आणि तसं लिहिणं हा गुप्ततेचा भंग धरला जाणार नाही.

"हे कलम खरं आहे?" मी विचारलं.

"खरं आहे. अकरा वर्षं झाली. वापरलं कुणीच नाही, म्हणून अगदी कोरं करकरीत आहे."

मी लगेच लिहिलं असं सांगायला मला आवडलं असतं. नाही लिहिलं. मला वाटलं, आधी घरातल्या मोठ्या माणसाला विचारावं. आमचे संचालक सुशिक्षित, मवाळ बोलणारे. शुक्रवारी, म्हणजे दहाव्या दिवशी, त्यांची वेळ मिळाली. त्यांनी मला समोर बसवलं, पाणी मागवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुमची तळमळ समजते," ते म्हणाले. "पण देश सांभाळायचा तर कधीकधी एखाद्याची गैरसोय होते."

"गैरसोय म्हणजे नळाला पाणी न येणं, साहेब. हा माणूस दहा दिवस घरी नाही."

ते हसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "मी बघतो," म्हणाले, आणि मी उठले.

रविवारी दुपारी आम्ही दोघं जेवत होतो. नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. मागच्या खोलीत त्याचा कारखाना, सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ आणि कपाटात ओळीनं मांडलेली लोकांची हसू. माणूस विनोदी, पण नजर बारीक. तो म्हणाला, "आठ दिवस बघतोय, तू घास चावत नाहीस, नुसता फिरवतेस. दाखल्यांच्या खात्यात काही घोटाळा झालाय?"

मी मान हलवली.

"चुकीचा दाखला गेलाय कुणाचा?"

"गेलाय."

"जिवंत माणसाला मेलेला दाखवलंय?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं भांड्यात पाणी ओतलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "दुरुस्त होतो?"

"साहेब म्हणतात, दुरुस्तीला रकाना नाही."

"हे बरं आहे तुमच्याकडे. माझी कवळी बसली नाही, तर मी कवळी परत घेतो. गिऱ्हाइकाला नवीन तोंड घेऊन या म्हणत नाही."

मला हसू आलं आणि घास खाली उतरला. त्या दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर मी समितीला पत्र लिहिलं. तीन पानं. तारखा, वेळा, कोण काय म्हणालं, माझा शेरा शब्दशः. विशेषणं एकही नाही. विशेषणांनी कागद सैल होतो, हे तीस वर्षांत शिकले होते. सोमवारी कामावर जाताना मी समितीच्या कार्यालयात उतरले आणि पाकीट हातानं दिलं. पोच देणाऱ्या कारकुनानं शिक्का शोधायला पाऊण तास घेतला. शाई वाळली होती. त्यानं पाणी घालून शिक्का मारला.

पुढच्या सोमवारी मी सुट्टीतलं रेकॉर्डिंग लावलं. रविवारी सकाळी बहिणीनं दादाला फोन केला होता. आधी तिचा नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागे पाण्याची बादली भरत होती.

"आले," ती म्हणाली. "अंघोळ घालतेय. बोलत नाहीत. उजव्या हाताला मोठं बँडेज आहे. अंगठा आणि पहिलं बोट."

पुढे ऐकायला मला नेमलं होतं, पण मी यंत्र बंद केलं. नोकरीत पहिल्यांदाच.

समितीसमोरची चौकशी दीड महिन्यानं झाली. लांबट खोली, लांबट टेबल, पलीकडे तिघं. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीशबाई. केस अगदी बारीक कापलेले, हातात पेन्सिल. एका बाजूला निवृत्त लष्करी डॉक्टर, दुसऱ्या बाजूला एक प्राध्यापक. अलीकडे एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला इस्त्री, आणि मध्ये यंत्रावर बसलेला खात्याचा तंत्रज्ञ.

इस्त्रीनं आधी बोलून घेतलं. "मूळ प्रतीत शेरा नव्हता. ताईंच्या सचोटीबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण निवृत्ती जवळ आली आहे, आठवणीत गल्लत होऊ शकते."

न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला काय म्हणायचंय?"

"माझी आठवण बाजूला ठेवा," मी म्हणाले. "रेकॉर्डिंग लावा. तुम्हाला तिघांनाही कान आहेत."

तंत्रज्ञानं लावलं. घड्याळजी 'मोठ्याचा काटा' म्हणायच्या आतच मागे चारचे टोले सुरू झाले. एक घड्याळ वाजलं, मग दुसरं, मग एकदम तीन, आणि शेवटचं एक म्हातारं घड्याळ सगळ्यांचं झाल्यावर सावकाश चार टोले देऊन थांबलं. डॉक्टर बोटांवर मोजत होते.

"नऊ घड्याळं," ते म्हणाले.

"अकरा," मी म्हणाले. "दोन बारीक आहेत, पुन्हा लावलंत तर सापडतील."

पुन्हा लावलं. सापडली.

न्यायाधीशबाईंनी तंत्रज्ञाला विचारलं, "कुठलं रेकॉर्डिंग कुणी, कधी उघडलं, हे ह्या यंत्रात उमटतं का?"

"उमटतं, मॅडम."

"मग हे आजपर्यंत कितीदा उघडलं गेलंय?"

त्यानं कळा दाबल्या आणि घसा साफ केला. "आजचं सोडून एकदा. त्या मंगळवारी दुपारी. ताईंच्या टेबलावरून. सत्तेचाळीस मिनिटं."

"आणि लेखी पान?"

"पाच चाळीसला जमा. सहा दहाला बदललं. तीन ओळी कमी झाल्या आहेत."

"कुठल्या टेबलावरून?"

तंत्रज्ञानं इस्त्रीकडे बघितलं. न्यायाधीशबाईंनी गोषवारा उचलला आणि छापील ओळ वाचली, 'मूळ ध्वनिमुद्रण स्वतः ऐकून खात्री केली.' मग सह्यांवरून पेन्सिल फिरवत खाली आल्या. "इथे पाच जणांनी ऐकलं असं लिहिलंय. यंत्र म्हणतं, एकानंही नाही. तुम्ही कुठल्या कानानं ऐकलंत?"

इस्त्री जे बोलला, ते मला आजही शब्दाला शब्द आठवतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

"मॅडम, तिसऱ्या मजल्यावरून फोन होता. पंधरा मिनिटांत गोषवारा हवा होता. 'धोका नाही' असं मी वर पाठवलं असतं आणि उद्या काही झालं असतं, तर माझी मान गेली असती. 'धोका आहे' असं पाठवलं आणि काही झालं नाही, तर कुणाचीच जात नाही."

"त्याची बोटं गेली," डॉक्टर म्हणाले.

मला वाटलं, आता संपलं. पण न्यायाधीशबाई माझ्याकडे वळल्या.

"तुमचं पत्र तेराव्या दिवशी आलं. पहिल्या दिवसापासून तुम्हाला सगळं माहीत होतं. त्याची बायको रोज रडत होती, ते तुम्ही ऐकत होतात. तेरा दिवस का लागले?"

मी ह्या प्रश्नाची तयारी केलेली नव्हती. इतका वेळ मी वादीसारखी ताठ बसले होते.

"शपथ होती," मी म्हणाले. "आणि पेन्शन होती. आणि मला वाटत होतं, कागद बरोबर लिहिला की माझं काम संपलं. कागद कुठे जातो ते बघायची सवय मला नव्हती."

त्यांनी ते लिहून घेतलं.

अहवाल मोठा झाला आणि सीलबंद झाला. त्यातलं एकच पान जाहीर केलं गेलं. पण त्या पानावर तीन नियम होते आणि ते आजही लागू आहेत. ऐकणाऱ्याचा शेरा खोडता येणार नाही. रेकॉर्डिंग उघडल्याची नोंद यंत्रात नसेल, तर खात्रीची सही धरली जाणार नाही. आणि विशेष गटानं कुणालाही उचललं, तर चोवीस तासांत समितीला लेखी कळवावं लागेल. इस्त्रीची पायरी उतरली आणि बदली झाली. संचालकांना मुदतीआधी निरोप मिळाला, तोही हार घालून. मला शेवटचे आठ महिने तळघरातल्या भांडारात बसवलं, मोडक्या खुर्च्यांची राखण करायला. त्यांना वाटलं मी खचेन. मी तिथे स्वेटर विणला, दोन्ही बाह्या एका मापाच्या, आणि निवृत्तीच्या दिवशी तोच घालून गेले.

निवृत्त झाल्यावर मी समितीकडे त्या कुटुंबाला भेटायची परवानगी मागितली. एका ओळीचं उत्तर आलं: हरकत नाही.

बाजाराच्या गल्लीतलं दुकान शोधावं लागलं नाही. आत काउंटरमागे एक बाई डोळ्याला भिंग लावून, चिमट्यानं एका मनगटी घड्याळात काहीतरी बसवत होती. शेजारी स्टुलावर नवरा बसून सांगत होता, "डावीकडून. दाबू नकोस, टेकव नुसतं." त्याचा उजवा हात मांडीवर होता, अंगठा आणि बोट सरळ, वाकत नसलेली.

"काय काम होतं?" बाईनं विचारलं.

तो आवाज मला पाठ होता. चेहरा मात्र मी कल्पनेत फार वेगळा रंगवला होता.

मी उभ्या उभ्याच सांगितलं, कोण आहे, काय करत होते, काय केलं आणि काय केलं नाही. तिनं भिंग काढून काउंटरवर ठेवलं.

"म्हणजे मी दादाशी बोलायचे तेव्हा तुम्ही होतात."

"होते."

"रोज?"

"सुट्टीचं सोमवारी ऐकायचे."

ती थोडा वेळ चिमटा उघडत-मिटत राहिली. "एकदा मी म्हणाले होते की हे कुणाबरोबर तरी पळून गेले असतील. तेही ऐकलंत?"

नवरा तिच्याकडे वळला. "असं म्हणालीस?"

"मग काय करणार? आठवा दिवस होता. डोकं फिरलं होतं माझं."

"सातवा," माझ्या तोंडून गेलं.

ते बोलल्याबरोबर मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, तशी नजर मी उभ्या आयुष्यात झेललेली नव्हती.

"तुम्हाला दिवससुद्धा पाठ आहे," ती म्हणाली. "आणि एक फोन करता आला नाही. 'जिवंत आहे' एवढं बोलून ठेवून दिला असता तरी चाललं असतं. मी विचारलंही नसतं कोण बोलतंय."

ते खरं होतं, आणि खऱ्याला शेरा जोडायची गरज नव्हती.

घड्याळजीनं डाव्या हातानं दुसरं स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसले. त्यानं विचारलं, "त्या कागदावर पाच सह्या होत्या म्हणता. नावं माहीत आहेत तुम्हाला?"

"पाचही."

"आम्हाला समितीचं पत्र आलं," बायको म्हणाली. "'झालेल्या प्रकाराबद्दल खेद आहे.' खाली नाव नाही, शिक्का आहे. आम्ही वकील केलाय. सरकारी वकील म्हणतात, असा कागदच नव्हता. तुम्ही उघड्या न्यायालयात उभ्या राहाल?"

"राहीन."

"पुन्हा तेरा दिवस नाही ना लागणार?"

"तारीख सांगा," मी म्हणाले.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं, एकतीस वर्षांचं. तो कवळीला पॉलिश करत होता. ऐकून म्हणाला, "दाखल्याच्या खात्यात असून एकदाही एक दाखला घरी आणला नाहीस, तेव्हाच ओळखलं होतं. पोरीच्या जन्माचा दाखला काढायला मी तीन हेलपाटे मारले, ते विसरलो नाही."

खटला अकरा महिने चालला. सरकारी वकिलांनी मला दोन दिवस उलटसुलट विचारलं. तुम्ही शपथ मोडली का, तुम्हाला कुणी फूस दिली, तुमचं ऐकणं वयोमानानं कमी झालंय का. ह्या शेवटच्या प्रश्नाला मी म्हणाले, "मागे तिसऱ्या बाकावर तुमचे सहायक आत्ता पुटपुटले की हा प्रश्न विचारू नका. मी ऐकलं." न्यायालयात हशा पिकला. न्यायाधीशांनी वकिलांना बसायला सांगितलं.

माझ्या साक्षीनंतर समितीचा सीलबंद अहवाल न्यायालयानं मागवून घेतला. निकालाच्या दिवशी कारकुनानं ती पाच नावं मोठ्यानं वाचली, हुद्द्यांसकट, ठळक आवाजात. पाचांपैकी दोघं हजर होते. इस्त्री त्यातला एक. नाव आलं तेव्हा तो उभा राहिला. उभं राहायला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्यावरचा फौजदारी खटला आता वेगळा चालू आहे, आणि त्यातही मी साक्षीदार आहे.

घड्याळजीच्या बायकोनं मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही आणि तिनं सांगितलेलं नाही. न्यायालयाच्या पायऱ्या उतरताना तिनं माझी पिशवी धरली, कारण माझे गुडघे दुखतात. खाली आल्यावर परत दिली आणि म्हणाली, "फौजदारीची तारीख लागली की कळवते. फोन करू ना?"

"कर," मी म्हणाले. "आता उचलून बोलेन."